हत्याराच्या पत्त्यावर "वापरल्यावर टाका" लिहिलंय. टाका म्हणजे नेमकं कुठं?

मशालजी_पुसद

नमस्कार मंडळी. गावच्या वाचनालयासाठी डेक-बिल्डिंग प्रकारातला (खेळता खेळता पत्ते विकत घेऊन आपली गड्डी वाढवायची) पत्त्यांचा एक घरगुती मराठी संच तयार झालाय. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पोरांच्या स्पर्धेत तो खेळवायचा आहे. राक्षस, बाजार, मोहरा यांचं गणित जमलं, पण हत्यारांच्या पत्त्यांवर प्रत्येक खेळाला वाद होतोय. अर्थ लावून द्या.

आधी खेळ थोडक्यात. प्रत्येकाची सुरुवात १० पत्त्यांनी: ६ शिलेदार (ताकद ३, मार १), २ मशाली, २ शिदोऱ्या. दर पाळीला हातात ५ पत्ते. पाळीत एकच काम करायचं, बाजारात जाऊन खरेदी नाहीतर भुयारात उतरून लढाई. भुयारात उतरताना हातातले सगळे पत्ते उघडे मांडायचे. पाळी संपली की मांडलेलं सगळं आपल्या ढिगात, गड्डी संपली की ढीग पिसून नवी गड्डी. नवीन विकत घेतलेला पत्ताही ढिगात जातो. नियमाच्या कागदावर हत्यारांबद्दल एकच ओळ आहे: "शिलेदाराला हत्यार पेलण्याइतकी ताकद हवी."

भांडणाचे पत्ते, जसेच्या तसे:

दांडपट्टा (किंमत ६, वजन ५): "शिलेदाराला द्या. मार +३. वापरल्यावर टाका."
शिदोरी: "एका शिलेदाराची ताकद +२."
ढाल (किंमत ३, वजन २): "हातात असताना पहिली जखम लागत नाही."
जोडखंजीर (किंमत ४, वजन ३): "दोन्ही हातांत. मार +२."
चिलखत (किंमत ५, वजन ३): "बचाव +२. शिलेदार मेल्यावर उतरवा."
रत्नमूठ तलवार (किंमत ५, वजन ३): "बाजारात ३ मोहरा किंवा भुयारात मार +२."

शिवाय 'थकवा' नावाचा एक राक्षस आहे. लढाई सुरू झाली की तो प्रत्येक शिलेदाराची ताकद १ ने कमी करतो. आधी दांडपट्टा चढवला, मग थकवा आला, तर हत्यार हातात राहतं की गळून पडतं?

हुकूम_झाकलेला

भाऊ, यातले निम्मे वाद हत्यारांचे नाहीतच, क्रियापदांचे आहेत. 'टाका' घ्या. मेंढीकोटात "टाक ना पत्ता" म्हणजे खेळ. रमीत पत्ता टाकला म्हणजे सोडला, पुढच्याला हवा तर तो उचलेल. आणि एरवी घरात टाकून दे म्हणजे केरात. जो ज्या खेळात वाढला त्याला आपलाच अर्थ सरळ वाटतो, आणि तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात. 'हात' तर त्याहून वाईट. हातातले पाच पत्ते, शिलेदाराचा हात, आणि मेंढीकोटवाल्यांसाठी जिंकलेला हात.

म्हणून आधी पत्ता कुठं कुठं असू शकतो त्या जागा मोजा. तुमच्याकडे सहा आहेत: बाजार, गड्डी, हात, मांडणी, ढीग, आणि खेळातून कायमचा बाद. शेवटच्या जागेला नाव द्या, 'राख' म्हणू. मग एका जागेतून दुसरीत जायला एकच क्रियापद ठेवा. गड्डीतून हातात 'उचला', हातातून मांडणीत 'मांडा', ढिगात 'सोडा', राखेत 'जाळा', बाजारातून 'विकत घ्या'. 'टाका' आणि 'काढा' हे दोन शब्द संचातून हद्दपार. 'काढा'चं दुखणं तेच: गड्डीतून पत्ता काढा म्हणजे हातात घ्या, की गड्डीतून वगळा? या प्रकारच्या खेळांचा पाया घालणाऱ्या २००८ च्या डोमिनियनमध्ये ढिगात जाणं आणि कायमचं बाद होणं यांना सुरुवातीपासून दोन वेगळे शब्द आहेत, आणि बाद पत्त्यांना पटावर वेगळी जागा आहे. ते उगाच नाही.

आता दांडपट्टा. 'टाका'चा 'खेळा' हा अर्थ बाद, कारण तो आधीच मांडलेला आहे. उरले दोन. ढिगात म्हणावं तर पाळी संपल्यावर सगळंच ढिगात जातं, मग हे वाक्य लिहिलंच कशाला? या तर्कानं 'जाळा' हा अर्थ येतो. पण किंमत बघा. ५ मोहरांत रत्नमूठ तलवार दर खेपेला +२ देते. ६ मोहरा मोजून एकदाच +३ कोण घेईल? पत्त्यावरचा शब्द एकीकडे ओढतो, किंमत दुसरीकडे. अशा वेळी मी किंमतीचं ऐकतो, कारण शब्द घाईत लिहिला जातो, किंमत ठरवताना माणूस चार खेळ खेळून बघतो. तो दरवेळी ढिगातच जातो. पत्त्यावरून ते वाक्य सरळ खोडा.

सातबारा

खोडा, पण कारण आणखी एक आहे आणि ते जास्त गंभीर आहे. "वापरल्यावर" म्हणजे लगेच, की पाळी संपल्यावर? लगेच म्हटलं तर दांडपट्टा लढाईच्या मध्येच ढिगात जातो. संचात पाळी चालू असताना पत्ते उचलू देणारा एखादा पत्ता असेल आणि त्याच वेळी गड्डी संपली, तर ढीग पिसला जाईल आणि तोच दांडपट्टा त्याच पाळीत परत हातात. एकाच लढाईत +६. डोमिनियनमध्ये खेळलेले पत्ते पाळीच्या शेवटापर्यंत समोरच राहतात, मध्ये गड्डी पिसावी लागली तरी ते पिसण्यात येत नाहीत. तोच नियम लिहा: मांडलेलं काहीही पाळी संपेपर्यंत मांडणीतून हलत नाही, 'जाळा' म्हटलं असेल तरच हलतं.

असा उचलणारा पत्ता आहे का संचात?

मशालजी_पुसद

आहे. 'हेर', २ पत्ते उचलतो. मागच्या रविवारी हेच झालं होतं, पण कुणाच्या लक्षात आलं नाही की गडबड दांडपट्ट्यात आहे. हेरालाच दोष दिला आणि तो पत्ता बाजूला ठेवला होता.

सातबारा

हेर परत आणा, त्याचा काही गुन्हा नाही.

थकव्याचं उत्तर तुमच्या नियमाच्या कागदातच आहे. तुम्ही "चढवताना ताकद हवी" लिहिलं असतं तर ताकद एकदाच तपासायची, मग काही का होईना. तुम्ही 'पेलण्याइतकी' लिहिलंय. पेलणं ही क्षणाची गोष्ट नाही, जोवर हातात आहे तोवर पेलायला हवं. शिलेदार ३, शिदोरी २, बेरीज ५, दांडपट्ट्याचं वजन ५. बरोबरीला चालतं, कारण 'इतकी' म्हणजे तितकी पुरे. थकवा आला, ताकद ४ झाली, दांडपट्टा गळला. मार ४ होता तो १ वर आला.

शिदोरी लढाई सुरू झाल्यावर द्यायची नाही, हेही लिहून ठेवा. नाहीतर थकवा उघडा झाल्यावर दुसरी शिदोरी खिशातून निघते. क्रम असा: सगळे पत्ते मांडा, शिदोऱ्या वाटा, हत्यारं चढवा, राक्षस निवडा, राक्षसाचा परिणाम लावा, मग मार मोजा. २००९ च्या थंडरस्टोनमध्ये हत्याराचं वजन आणि वीराची ताकद यांची अशीच सांगड आहे, आणि शिदोरीसारखा एक पत्ताही आहे जो ताकद २ ने वाढवतो. तिथं एका वीराला एकच हत्यार आणि एक हत्यार एकाच वीराला. तुमच्या कागदावर हे वाक्य नाही. पहिलं तेच लिहा.

सगळीकडे एक बारीक गोष्ट पाळा. "-ताना" म्हणजे तेवढ्या वेळात, "-ल्यावर" म्हणजे झाल्यानंतर, "-पर्यंत" म्हणजे तोवर आणि पुढे नाही. 'डाव संपेपर्यंत' असं कुठं लिहिलं असेल तर तपासा. डाव म्हणजे कुणाला एक पाळी वाटते, कुणाला अख्खा खेळ.

बोंडअळी

अरे बावा, इतकं काऊन गुतता? मले तं वाटते दांडपट्टा एकदा चढवला का त्या शिलेदाराजवळच राहू द्यावा. दर खेपेस ढिगात जाते अन् मंग पुन्हा हातात यायची वाट पायत बसा, हे पोट्ट्याहिले पटत नाही. आपलं हत्यार कोनी घरी ठेवून लढाईले जाते का? अन् जोडखंजीर दोन्ही हातांत +२ म्हन्जे +४ च होते ना? दोन हात, दोन खंजीर.

रानमेवा

बोंडअळी भाऊ, हत्यार घरी ठेवून कुणी जात नाही हे खरं, पण गड्डीचा खेळ तसा चालत नाही. आकडे मांडते.

दांडपट्टा घेतला की गड्डी ११ पत्त्यांची. नीट पिसलेल्या गड्डीतून ५ पत्ते उचलले तर त्यात दांडपट्टा असण्याची शक्यता ११ पैकी ५, म्हणजे ४५ टक्के. पण पेलायला शिदोरी लागते आणि एक शिलेदारही. दांडपट्टा हातात आहे असं धरलं तर उरलेले ४ पत्ते १० मधून येतात. त्याचे २१० प्रकार. १४० प्रकारांत किमान एक शिदोरी असते, त्यातल्या एकात शिलेदारच नसतो, म्हणजे कामाचे १३९. दोन्ही मिळून साधारण ३० टक्के. म्हणजे दहा हातांत तीनदाच दांडपट्टा चालतो. किंमत ६ आणि मार +३ या हिशोबानेच ठरवलेले दिसतात.

आता तो शिलेदाराजवळ कायम ठेवला की पहिल्यांदा चढवल्यानंतर तो दर लढाईत हजर. वर शिलेदार आणि दांडपट्टा दोन्ही पटावर, म्हणजे फिरत्या गड्डीत फक्त ९ पत्ते, आणि उरलेले चांगले पत्ते लवकर लवकर हातात येतात. फायदा दोनदा मिळतो. ज्यानं आधी विकत घेतला तो जिंकला, बाकीच्यांनी चहा प्यावा.

पटावर राहणारी हत्यारं हवीच असतील तर जागेची मर्यादा घाला. २०१६ च्या अर्कम हॉरर कार्ड गेममध्ये हाताच्या दोनच जागा असतात, तिसरी वस्तू हातात घ्यायची तर आधीची सोडावी लागते. २००१ च्या मंचकिनमध्येही हात दोनच, शिवाय डोक्यावर एक, अंगावर एक, पायात एक. पण ते खेळ वेगळ्या मापाचे आहेत. तान्ह्या पोळ्याला आता फार दिवस नाहीत, तुम्ही हा बदल आत्ता करू नका.

जोडखंजिराला +४ नाही. आकडा पत्त्याचा असतो, हाताचा नसतो. "मार +२" एकदाच छापलंय, एकदाच मोजायचं. हवं तर किंमतीवर तपासा: ६ मोहरांत +३, ५ मोहरांत +२ आणि वर बाजारातला उपयोग, मग ४ मोहरांत +४ कसं असेल? "दोन्ही हातांत" हे शब्द मार सांगत नाहीत, जागा सांगतात. म्हणजे जोडखंजीर घेतलेल्याला ढाल नाही.

बोंडअळी

ताई, हिशोब पटला. पन मंग ढाल अन् एक तलवार संगं चालते का? ढाल २, तलवार ३, झाले ५. शिलेदार तं ३ चाच आहे.

हुकूम_झाकलेला

हा खरा प्रश्न आहे आणि पत्त्यावर तो कुठंच नाही. वजन एकेका वस्तूचं तपासायचं की बेरजेचं?

एकेक तपासलं तर वजन हा प्रकार जवळजवळ मरतो. ढाल २, तलवार ३, खंजीर ३, सगळं ३ च्या शिलेदाराला चालतं, फक्त दांडपट्ट्यालाच शिदोरी लागते. बेरीज धरली तर शिदोरीला किंमत येते: ढाल आणि तलवार हवी तर एक शिदोरी खर्च करा. मी बेरजेच्या बाजूनं. पण मग चिलखताची अडचण येते. वजन ३ आणि बेरीज, म्हणजे चिलखत घातलेला माणूस रिकाम्या हातानं उभा. म्हणून हातात धरायच्या वस्तूंची बेरीज करा आणि चिलखताचं वजन छापूच नका. अंगावर एक, हातात दोन.

थंडरस्टोनची 'एकच हत्यार' ही ओळ इथं थोडी वाकवावी लागेल. मार देणारं हत्यार एकच, सोबत एक ढाल चालेल.

चिलखताचं "मेल्यावर उतरवा" हेही बदला. मेंढीकोट खेळणाऱ्या माणसाला उतारी म्हणजे पहिला पत्ता खेळणं. इथं तीन अर्थ निघतात: चिलखत ढिगात, चिलखत दुसऱ्या शिलेदाराला, किंवा शिलेदाराबरोबर राखेत. 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळात २००३ पासून हत्यारांचे पत्ते आहेत. तिथं धारण करणारा मेला तरी हत्यार पटावरच उरतं, आणि दुसऱ्याला द्यायचं तर पुन्हा खर्च करून. तुमच्याकडे मधल्या खर्चाची सोय नाही, म्हणून ते मांडणीत सुटं पडून राहतं आणि पाळी संपली की ढिगात जातं. त्या लढाईत दुसऱ्यानं उचलायचं नाही. तशी मुभा दिली तर एकच चिलखत चौघांना वाचवेल.

सातबारा

ढाल राहिली. "हातात असताना" म्हणजे पाच पत्त्यांच्या हातात की शिलेदाराच्या हातात?

पहिल्या अर्थाला आधार नाही असं नाही. डोमिनियनमध्ये मोट नावाचा पत्ता आहे (विहिरीची मोट नव्हे, किल्ल्याचा खंदक). समोरच्यानं हल्ल्याचा पत्ता खेळला की तो हातातूनच दाखवायचा, हल्ला लागत नाही आणि पत्ता हातातच राहतो. कुणी ढाल तशी वाचली तर त्याला वेडा म्हणता येणार नाही. पण तुमच्याकडे भुयारात उतरताना सगळे पत्ते मांडायचे आहेत. लढाईच्या वेळी खेळाडूचा हात रिकामाच असतो. त्या अर्थानं ढाल कधीच चालणार नाही. जो अर्थ घेतल्यावर पत्ता कायमचा निकामी होतो तो अर्थ सोडायचा. शिवाय ढालीला वजन छापलंय. वजन असलेली गोष्ट माणूस धरतो.

"पहिली जखम" म्हणजे त्या लढाईतली पहिली, आणि ती ढाल धरणाऱ्या शिलेदाराची, सगळ्या टोळीची नाही. दोन ढाली दोघांकडे असतील तर दोघांची एकेक जखम वाचते.

दांडपट्ट्याचं वजन ५ ऐवजी ४ करून बघा. शिदोरी तरीही लागेलच, कारण ३ ला ४ पेलत नाही, पण थकव्यात ५ चे ४ झाले तरी हत्यार टिकेल. आत्ता एका राक्षसापुढे दांडपट्टा पूर्ण मार खातो. हे मत आहे, नियम नाही.

कटरवाला

दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चिकटवू नका, एवढं सांगायला आलो. सहा पत्त्यांवर चिठ्ठी आणि बाकीच्यांवर नाही, की गड्डी पिसतानाच बोटाला कळतं दांडपट्टा कुठं आहे. पावसाळ्यात डिंकाची कड उचलते ती वेगळीच. अख्खे पत्ते नव्यानं छापा. ६३ बाय ८८ मिलिमीटरचे ९ पत्ते एका ए-फोरवर बसतात. प्रत्येकाच्या ५ प्रती धरल्या तर ३० पत्ते, ४ कागद. साध्या झेरॉक्सच्या कागदावर छापून स्लीव्हमध्ये (पत्त्याच्या प्लास्टिकच्या पाकिटात) घाला आणि मागं जुन्या रमीच्या जोडातला एक पत्ता ठेवा. रमीचे पत्ते बरेचदा ५७ मिमी रुंद असतात, स्लीव्हमध्ये आडवे सरकतात, म्हणून आधी पट्टीनं मोजून घ्या. सगळ्या पत्त्यांना एकाच जोडाची पाठ, नाहीतर मागून बंद रंगाच्या स्लीव्ह.

आणि वजन, मार, बचाव नुसत्या रंगावर दाखवू नका. लाइन गेली की चार्जिंगच्या दिव्यात लाल आणि तपकिरी एकच दिसतात. वजनाला चौकोन, माराला त्रिकोण, बचावाला गोल.

मशालजी_पुसद

आभार मंडळी. हा नवा मजकूर, छापायला देण्याआधी कुठं फट दिसली तर सांगा:

दांडपट्टा (किंमत ६, वजन ४): "एका शिलेदाराला चढवा. मार +३."
शिदोरी: "हत्यारं चढवण्याआधी एका शिलेदाराला द्या. पाळी संपेपर्यंत ताकद +२."
ढाल (किंमत ३, वजन २): "शिलेदाराच्या एका हातात चढवा. या लढाईत त्याला लागणारी पहिली जखम लागत नाही."
जोडखंजीर (किंमत ४, वजन ३): "शिलेदाराचे दोन्ही हात अडतात. मार एकूण +२."
चिलखत (किंमत ५): "अंगावर चढवा. बचाव +२. शिलेदार जाळला गेला तर चिलखत मांडणीत राहतं, या लढाईत दुसऱ्याला देता येत नाही."
रत्नमूठ तलवार (किंमत ५, वजन ३): "बाजारात: ३ मोहरा. भुयारात: एका शिलेदाराला चढवा, मार +२."

तलवारीतला 'किंवा' काढलाय, कारण एका पाळीत दोन्हीकडे जाताच येत नाही. एकच शंका उरली. बाजारात ३ मोहरा मिळवताना तलवार पेलणारा शिलेदार हातात असावा लागतो का?

रानमेवा

नाही. मजकुरात चढवायचं फक्त भुयारात आहे. तलवार गहाण ठेवायला ताकद लागत नाही, सावकाराकडे नेता आली म्हणजे झालं.